घाटात मागं पडणारी आरएक्स

पत्राचा गोषवारा : पत्र सातारा जिल्ह्यातल्या एका २७ वर्षांच्या वाचकाचं आहे. वडिलांनी १९९३ साली नवी घेतलेली यामाहा आरएक्स १०० आता त्याच्याकडे आहे. वडिलांनी पंधरा वर्षं तिच्यावरून दुधाचे कॅन वाहिले. मित्रांकडे नव्या दोनशे सीसीच्या गाड्या आहेत. रविवारी सगळे वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला जातात आणि हा दर वेळी शेवटी पोचतो. पॉवर वाढावी म्हणून त्यानं बाजारातला ‘मोकळा’ सायलेन्सर बसवला, ऑइल पंप काढून टाकला आणि पेट्रोलमध्येच अंदाजानं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं वंगण तेल) ओतायला सुरुवात केली. त्यानंतर वर्षभरात इंजिन दोनदा जाम झालं. पहिल्यांदा हायवेवर; तेव्हा पिस्टन घासून, रिंगा बदलून भागलं. दुसऱ्यांदा घाट उतरताना, ‘तेव्हा तर गाडीवर काही लोडच नव्हता’. आता गाडी चालते, पण दम राहिलेला नाही. एक मेकॅनिक म्हणतो, आरएक्स १३५ चं इंजिन आहे, ३५ हजारांत बसवून देतो. कागद मात्र नाहीत. दुसरा म्हणतो, आहे त्याच ब्लॉकला जास्तीत जास्त बोअर मारू, गाडी उडेल. वडील म्हणतात, ‘इंजिन बदललेली गाडी माझी नाही. त्यापेक्षा विकून टाक.’ इंजिन कुठून घेऊ, बोअर किती मारू आणि वडिलांना कसं पटवू, असे वाचकाचे तीन प्रश्न आहेत.

प्रिय मित्रा,

या सदरात सासवा येतात, साहेब येतात, भाडं थकवणारे भाडेकरू येतात. सिलेंडरचा ब्लॉक पहिल्यांदाच आला. तुझं पत्र माझ्याकडे पाठवताना ‘हे तुमच्यासाठी नसावं’ अशी चिठ्ठीही लावली होती कुणीतरी. त्यांना काय माहीत, माझं लहानपण कराडला अण्णांच्या गॅरेजात गेलंय. शाळा सुटली की दप्तर टायरच्या चळतीवर आणि हातात दहा-अकराचा पाना. तेव्हा तुला अरे-तुरे करण्याचा हक्क मी घेतेच आहे.

तुझे तिन्ही प्रश्न एकाच समजुतीवर उभे आहेत : गाडीत पॉवर कमी आहे, ती कुठून तरी आणून घालायची आहे. मला पत्र वाचून वेगळंच वाटलं. गाडीत पॉवर होती, ती गेली आहे. आणि ती कशानं गेली हे तू स्वतःच पत्रात लिहून ठेवलंयस, फक्त ‘पॉवर वाढवण्यासाठी केलेली कामं’ या नावाखाली.

आधी बोअरचा, म्हणजे सिलेंडर आतून कापून रुंद करण्याचा, हिशोब करू, म्हणजे तो विषय डोक्यातून जाईल. आरएक्स १०० चा सिलेंडर आतून ५० मिलिमीटरचा आणि पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे वर-खाली धावण्याचं अंतर, तेही ५० मिलिमीटरच. घनफळ काढलं की ९८ सीसी येतात. ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मिळतात : पाव, अर्धा, पाऊण, एक. तुझा दुसरा मेकॅनिक म्हणतो तसा जास्तीत जास्त, म्हणजे पूर्ण एक मिलिमीटर बोअर मारलास तर सिलेंडर ५१ चा होईल आणि सीसी होतील १०२. बस्स. चार सीसी, म्हणजे चार टक्के. नवी असताना ही गाडी ११ हॉर्सपॉवरची. त्यावर चार टक्के म्हणजे अर्धा घोडासुद्धा नाही, फार तर त्याची शेपटी. बुलेटवाले हसू नयेत म्हणून त्यांचाही हिशोब देते. जुन्या साडेतीनशेचा बोअर ७० आणि स्ट्रोक ९०, म्हणजे ३४६ सीसी. एक मिलिमीटर वाढवला की ३५६. तीन टक्केसुद्धा नाहीत.

आता तुझा पसरणी घाट घे. वाई ते पाचगणी तू साधारण सहाशे मीटर उंची चढतोस. वर हवा विरळ होत जाते आणि दर शंभर मीटरला इंजिनाची ताकद साधारण एक टक्क्यानं उतरते. म्हणजे पाचगणीच्या वेशीवर पोचेपर्यंत सहा टक्के गेलेले असतात. बोअर मारून चार कमवायचे आणि घाटानं सहा काढून घ्यायचे. या व्यवहारासाठी तू इंजिन उघडणार आहेस.

मग १३५ वाले कसे पळतात? त्या इंजिनाचा स्ट्रोक तुझ्याइतकाच, ५० मिलिमीटर. बोअर मात्र ५८. ते बोअर मारलेलं १०० नव्हे, तो ब्लॉकच वेगळा. तुझ्या ब्लॉकमधून आठ मिलिमीटर खरवडायला आत तेवढं बीडच नाही. बोअर मारणं हे मुळात दुरुस्तीचं काम आहे. झिजून लंबगोल झालेलं, ओरखडे पडलेलं सिलेंडर पुन्हा गोल आणि सरळ करायचं, एवढाच त्याचा हेतू. म्हणून शहाणा टर्नर कमीत कमी साइजवर काम भागवतो. पावमध्ये ओरखडे जात असतील तर पावच. पुढचे साइज ही ठेव आहे, पुढच्या दुरुस्त्यांसाठी. ‘जास्तीत जास्त बोअर मारू’ म्हणणारा माणूस तुझी ठेव एका दिवसात मोडायला सांगतोय.

तुझ्या आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकची पॉवर येते कुठून, तर पोर्टांच्या, म्हणजे सिलेंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या, आकारातून, पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरमधून आणि सगळ्यात जास्त सायलेन्सरच्या आकारातून. पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीत वाल्टर काडेन नावाचा इंजिनिअर होता. त्यानं १९६१ साली १२५ सीसीच्या इंजिनातून २५ हॉर्सपॉवर काढले. कॉम्प्रेसर, टर्बो असलं काही न लावता. (त्याच वर्षी त्याचा रायडर एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला, सुझुकीला जाऊन मिळाला आणि पुढच्याच वर्षी त्यांना ५० सीसीची जगज्जेतेपदाची ट्रॉफी मिळवून दिली. यावर स्वतंत्र सदर चालवता येईल, पण ते राहू दे.) काडेननं पाहिलं ते एवढंच : धूर बाहेर पडताना दाबाची एक लाट पाइपातून जाते, शेवटच्या निमुळत्या भागावर आदळून मागे फिरते आणि पोर्टातून निसटू पाहणारं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण पुन्हा आत ढकलते. पाइपाची लांबी आणि फुगवटा बरोबर असेल तर ही लाट नेमक्या क्षणी परत येते. चुकलं तर मिश्रण धुराबरोबर बाहेर.

तुझ्या मूळ सायलेन्सरच्या पोटात हा हिशोब कुणीतरी कागदावर करून घातलेला होता. ‘मोकळ्या’ सायलेन्सरच्या पोटात काय आहे? आवाज. आणि आवाज वाढला की गाडी पळतेय असं कानाला वाटतं, ही टू-स्ट्रोकची जुनी फसवणूक आहे. अण्णांकडे अशी गाडी आली की ते म्हणायचे, ‘भुंकणारा आलाय.’

पण खरं नुकसान आवाजानं नाही केलं. मोकळा सायलेन्सर लावून कार्बोरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारं भोक, तसाच ठेवला तर मिश्रण लीन होऊ शकतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. लीन मिश्रण गरम जळतं. त्यात पेट्रोलबरोबरच ऑइलही येणार, म्हणजे तेही कमी. हायवेवर मूठ पूर्ण पिळून दहा किलोमीटर हाणलीस की पिस्टन फुगतो, वंगणाचा पापुद्रा फाटतो आणि पिस्टन भिंतीला पकडतो. ही झाली तुझी पहिली जाम.

दुसरी मला जास्त आवडली. म्हणजे वाईट झालं, पण कोडं छान आहे. ‘लोडच नव्हता’ असं तू लिहितोस. अरे, म्हणूनच जाम झालं. घाट उतरताना तू मूठ बंद केलीस आणि गाडी तिसऱ्या गिअरात सोडलीस. चाकं इंजिनाला फिरवतायत चार-पाच हजारांच्या वेगानं. पण मूठ बंद, म्हणजे पेट्रोल जातंय आयडलिंगपुरतं. आणि तुझं ऑइल कशातून येतं? पेट्रोलमधून. इंजिन धावतंय आणि त्याला तेल मिळतंय उभ्या गाडीपुरतं. असा दोन-तीन वळणांचा लांब उतार पुरतो.

तू काढून टाकलेला तो पंप नेमका यासाठी होता. तो इंजिनाच्या फेऱ्यांवर फिरतो आणि त्याला मुठीची केबलही येते, त्यामुळे मूठ बंद असली तरी फेऱ्या चालू आहेत तोवर थेंब थेंब तेल जात राहतं. पंप ‘पॉवर खातो’ ही गॅरेजातली अफवा आहे. तो जे खातो ते शर्टाच्या बटणाएवढं. लोक तो काढतात कारण त्याची नळी कधी कधी हवा धरते आणि मग इंजिन बसतं. पण ती नळी नीट बसवून हवा काढून घेणं हे अर्ध्या तासाचं काम आहे.

म्हणजे बघ, तू नवीन इंजिन आणलंस, अगदी शोरूममधून काढल्यासारखं, आणि त्याला हाच सायलेन्सर, हाच जेट आणि हीच अंदाजाची धार लावलीस, तर तेही याच घाटात, याच उतारावर पकडणार. आधी कारण, मग इंजिन.

आणखी एक कारण तपासायचं राहिलंय, ते मेकॅनिकलाही चटकन दिसत नाही. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, दोन्ही टोकांना ऑइल सील असतात. तीस वर्षांत ते रबर कडक होतं. मॅग्नेटोच्या (वीज बनवणाऱ्या भागाच्या) बाजूचं सील गेलं की तिथून इंजिन हवा ओढतं आणि पुन्हा मिश्रण लीन. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल ओढतं, मग पांढरा धूर आणि गिअर ऑइल कमी होत जाणं. दोन्ही सीलं मिळून चहा-भज्याच्या खर्चात येतात. इंजिन खोललं की न विचारता बदलून घ्यायची.

पेट्रोलचंही बोलायला हवं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यातलं काही तुमच्याच पट्ट्यातल्या उसाचं, त्यामुळे तक्रार जपून करायला हवी. पण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. १९९३ च्या जेटमधून ते गेलं की मिश्रण आपोआप थोडं लीन होतं. उपाय साधा आहे : मेन जेट एक नंबर मोठा घालून बघायचा आणि प्लगचा रंग वाचायचा. मूठ पूर्ण पिळून चांगलं एक-दोन किलोमीटर चालव, तिथेच क्लच दाबून इंजिन बंद कर, प्लग काढ. टोकाचं पोर्सेलीन दुधाळ चहाच्या रंगाचं असलं की छान. पांढरंफटक असलं तर तशीच पुढे पळवू नकोस. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं. गाडी फक्त रविवारी चालत असेल तर शनिवारपर्यंत कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साचवू नकोस. घरी येताना शेवटच्या वळणावर पेट्रोलचा कॉक बंद कर, कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपू दे. जुन्या रबरी नळ्या बदलून घे.

आता दम कुठं गेला ते बघू. दोनदा जाम झाल्यावर रिंगा आणि सिलेंडरची भिंत खरवडली गेली असणार, त्यामुळे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, उतरलं. हे उघड आहे. पण पंधरा वर्षं दुधाचे कॅन वाहिलेल्या गाडीच्या एक्झॉस्ट पोर्टात आणि मूळ सायलेन्सरमध्ये काजळी किती असेल? आमच्याकडे दिवाळीच्या आधी सायलेन्सर डिकार्ब करायची, म्हणजे आतली काजळी काढायची, रांग लागायची. पत्र्याच्या पिंपात कॉस्टिक सोड्याचं पाणी, त्यात सायलेन्सर रात्रभर बुडवलेले. सकाळी ते उपडे केले की आतून काळी, चिकट, डांबरासारखी लापशी पडायची. मला जवळ येऊ द्यायचे नाहीत, कॉस्टिक कातडी सोलतं म्हणून. पण मी लांबून बघायचे. दुपारी तोच माणूस तीच गाडी घेऊन जाताना पुढचं चाक उचलायचा आणि अण्णा आतून शिव्या द्यायचे. इंजिनाला कुणी हात लावलेला नसायचा. म्हणून तुला सांगते, मूळ सायलेन्सर शोध. माळ्यावर, गोठ्यात, वडिलांच्या खोलीत पलंगाखाली. तुझे वडील टाकून देणारातले वाटत नाहीत.

बोअर मारायची वेळ आलीच, आणि दोन जामनंतर बहुतेक येणार, तर क्रम पाळ. आधी पिस्टन विकत घ्यायचा, मग बोअर. हातातला पिस्टन मापून त्याला जेवढी फट हवी तेवढाच सिलेंडर कापायचा. उलटं केलं तर फट पिस्टनच्या नशिबावर सोडलेली असते, आणि ही फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात. ज्या टर्नरकडे बोअर गेज नाही, जो नुसतं बोट फिरवून ‘झालं, मक्खन आहे’ म्हणतो, त्याच्याकडून ब्लॉक परत घेऊन ये. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनांवर हात बसलेली माणसं आहेत, सांगलीत, पुण्यात आहेत. एक दिवस मोडेल, पण जा. साइज संपले असतील तर तिथेच नवा लायनर, म्हणजे सिलेंडरचं आतलं अस्तर, ठोकून ब्लॉक पुन्हा पन्नासवर आणता येतो.

आणि ब्लॉक हातात परत आला की पोर्टांच्या कडांवरून बोट फिरव. इथे फिरव, इथे बोट चालतं. बोअर मारला की या कडा सुरीसारख्या होतात. टू-स्ट्रोकमध्ये रिंग दर फेरीला या खिडक्यांवरून जाते. कड धारदार राहिली तर रिंग अडकते आणि तुटते. कडा हलक्या हातानं घासून मोडायच्या असतात. घाईत हे राहतं. कडेवर बोट खरखरलं तर ब्लॉक तसाच काउंटरवर ठेव आणि ‘चँफर राहिलाय’ एवढंच म्हण. मग घरी आणून गरम पाणी आणि साबणानं सिलेंडर धुवायचा, पांढऱ्या फडक्यानं पुसायचा. फडकं करडं निघतंय तोवर धुवत राहायचं. होनिंगची, म्हणजे बोअरनंतर भिंत घासल्याची, पूड आत राहिली तर नव्या रिंगांना पहिल्या दिवशीच खाते.

नंतरचे पाचशे किलोमीटर अर्ध्या मुठीवर, वेग सतत कमी-जास्त करत, आणि घाट बंद. मित्रांना सांग, गाडी बाळंतीण आहे. पंप बसेपर्यंत पेट्रोलमध्ये ऑइल मापून घाल, लिटरला २० ते २५ मिली. औषधाच्या बाटलीचं झाकण चालेल, अंदाज चालणार नाही. आणि कायमची एक सवय : डावी दोन बोटं क्लचच्या मुठीवर. गाडीचा आवाज अचानक दबला, कुणीतरी मागून ओढतंय असं वाटलं, की विचार न करता क्लच दाबायचा. मागचं चाक लॉक होण्याआधी अर्धा सेकंद मिळतो.

घाटासाठी अजूनही जोर हवा असेल तर स्प्रॉकेटकडे, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाकडे, बघ. पुढचं चौदा दातांचं असेल तर तेरा दातांचं लाव. चाकावरचा जोर साडेसात-पावणेआठ टक्क्यांनी वाढतो. बोअरच्या जवळजवळ दुप्पट, आणि इंजिन न उघडता. हायवेवर वरचा वेग जवळजवळ तेवढाच कमी होईल, पण तुझा झगडा हायवेशी नाही.

आता त्या पस्तीस हजारांच्या १३५ बद्दल. बिनकागदाचं इंजिन घेऊ नकोस, हे माझं मत नाही, अट आहे. माझ्या थोरल्या भावानं एका मोठ्या शहरातल्या भंगारवाल्याकडून असंच स्वस्त इंजिन आणलं होतं. क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावर, नंबर होता, पण एका आकड्याच्या खाली दुसऱ्या आकड्याची सावली दिसायची. उन्हात तिरकं धरलं की. त्यानं बघितलं नाही, आणि अण्णांनी बघितलं तेव्हा पैसे देऊन झाले होते. पुढचे आठ महिने तो दर पंधरा दिवसांनी पोलीस चौकीच्या बाकावर बसायला जायचा. गाडी तिथेच आवारात गंजली.

चोरीचा प्रश्न नसला तरी कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही, की आरसी बुकातली माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठासून सांगितलं. ९८ सीसीच्या गाडीत १३२ सीसीचं इंजिन हा सरळ तसाच बदल आहे. कलम १८२ अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून मोठी भीती अपघाताची : इन्शुरन्सवाल्यांच्या हातात आयतं कारण. आणि तुझ्या गाडीला पंधरा वर्षं केव्हाच उलटलीत, दर पाच वर्षांनी पासिंगला नेतोसच. तिथे इन्स्पेक्टर नंबर बघतो.

तुझं क्रँककेसच फुटलं असेल, गिअरबॉक्स बसला असेल, तर मात्र इंजिन बदलावं लागेल. तेव्हा आरएक्स १०० चंच घे. पैसे देण्याआधी आरटीओत जाऊन विचार, आणि बसवल्यावर १४ दिवसांच्या आत कळवून आरसीवर नोंद करून घे. विकणाऱ्याकडून मूळ गाडीच्या आरसीची प्रत, विक्रीचं लेखी पत्र, ओळखपत्राची प्रत, आणि नंबरचा फोटो तिथेच उभं राहून. गाडी चोरीची नोंद आहे का ते एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) ‘वाहन समन्वय’ सेवेवर बघता येतं. इंजिनाची तपासणी म्हणशील तर हेड आणि ब्लॉक काढायला लावायचे. काढू देत नसेल तर उठायचं. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून बघायचा : टक टक लागलं तर बिग एंड, म्हणजे रॉडचं खालचं बेअरिंग, गेलं. डावी-उजवीकडे थोडा हलतो, ते चालतं. क्रँक हातानं फिरवून कान लावायचा, बेअरिंग खरखरतं का. गिअर सगळे पडतात का. क्रँककेसला वेल्डिंगचा टाका दिसला तर तो कुणी, कशासाठी मारला हे विचारायचं, आणि उत्तर काहीही आलं तरी घ्यायचं नाही. पुण्याचा जुना बाजार, कुर्ल्याचं भंगार, सगळीकडे हेच लागू.

एक विचारते, रागावू नकोस. शेवटी पोचतोस हे नक्की कुणाला खटकतं? तुझ्या मित्रांच्या गाड्या चोवीसच्या आसपास हॉर्सपॉवरच्या आहेत. तुझी आरएक्स नवी असती तरी अकरा. १३५ चं पाच गिअरवालं इंजिन बसवलंस तरी चौदा. ती त्यांना घाटात कधीच गाठणार नव्हती, आणि पुढे-मागे ड्रम ब्रेक असलेल्या गाडीनं पसरणी उतरताना ते गाठूही नये. तुला खरोखर त्यांच्याबरोबर पळायचं असेल तर पैसे साठव, सेकंडहँड दोनशे घे, त्यात काही कमीपणा नाही. आरएक्सकडून ते काम करून घेऊ नकोस. ती एकशे तीन किलोची गाडी आहे, गावातल्या वळणांवर आणि चौथ्या गिअरात साठच्या वेगावर ती जे देते ते मित्रांच्या गाड्यांत शोधूनही सापडायचं नाही.

वडिलांना पटवायचा प्रश्न मी उलटा करून तुझ्याकडे पाठवते. त्यांनी पंधरा वर्षं, मागे दोन बाजूंना भरलेले कॅन लटकवून, गाडी रोज चालवली. तुझ्या पत्रात त्या काळात इंजिन जाम झाल्याचा एकही उल्लेख नाही. पंप जागेवर, सायलेन्सर मूळचा. तुझ्याकडे आल्यावर वर्षात दोनदा. ‘इंजिन बदललेली गाडी माझी नाही’ हे तुला हट्टासारखं वाटलं. मला ते एका मेकॅनिकचं वाक्य वाटलं, ज्याला नेमके शब्द सापडले नाहीत. या गाडीचं सर्व्हिस बुक तेच आहेत. ब्लॉक आधी कधी बोअर केला होता का, कुठे, कोणत्या वर्षी, कोणतं ऑइल घालायचे, भरलेल्या कॅनसकट घाट कोणत्या गिअरात उतरायचे. हे विचारायला जा, पटवायला नको. विक्रीची गोष्ट त्या दिवशी काढूच नकोस.

आणि जाताना पाना घेऊन जा. येत्या रविवारी पाचगणी राहू दे. अंगणात गाडी स्टँडवर लाव, हेडचे नट काढ, हेड बाजूला ठेव. पिस्टन वर आण. त्याच्या माथ्यावर काजळीचा जाड थर असेल. पेट्रोलमध्ये बुडवलेल्या फडक्यानं आणि लाकडी चमच्याच्या दांड्यानं तो काढ, स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडू नकोस. खाली कोरलेला बाण दिसेल, तो एक्झॉस्टकडे असतो. त्याच्या आसपास आकडा असेल तर वाच. २५, ५० किंवा ७५ म्हणजे ठेवीत अजून काही शिल्लक आहे आणि उद्यमनगरचा एक फेरा पुरे. १०० असेल तर बोअरचा विषयच संपला, लायनर ठोकायचा. आकडाच नसेल तर ब्लॉक अजून कंपनीच्या मापावर असण्याची शक्यता आहे. पक्कं काय ते बोअर गेज सांगेल, पण वडिलांना आधी बोलावून दाखव.

जो काही आकडा निघेल तो मला कळव. तोवर त्या ३५ हजारांना हात लावू नकोस.